पहिलं भाकीत तात्यांचं

आमच्या गावातल्या पुरुषांना कामधंदा नाय असं नाय. कोण रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो, कोण गडबला हायवेवर दुकान टाकून बसलाय, कोण अजून मिठागरावर जातो. पण नारळी पुनव आली की सगळ्यांना एकच काम. सकाळी खाडीला नारळ वाहायचा, घरी येऊन नारळीभात हादडायचा नि दुपारी गावदेवीच्या देवळात जमून यंदा आपला फुटबॉलचा संघ काय दिवे लावणार ते सांगायचं. खेळ सुरू व्हायला अजून चार महिने. मैदान म्हणजे कापणी झालेलं शेत, नि त्या शेतात तेव्हा भात गुडघाभर उभं असतं. तरी ह्यांची भाकितं तयार!

कासू स्टेशनवरून खाडीच्या अंगाला उतरलात की आमचं गाव. संघाचं नावही गावदेवीच. दर हिवाळ्यात रोह्याला लीग भरते, तिच्यात दोन गट, वरचा नि खालचा. आमी वरच्या गटात हाव, पण उंबऱ्यावर झोपलेल्या माणसासारखे. कोणी जरा ढकललं की बाहेर. चषक आमी जिंकलेला नाय. फोटो काढायलासुद्धा कोणी हातात दिलेला नाय.

बैठकीचा एक नियम हाय, नि तो कोणी मोडत नाय. चेंडू ज्याच्या मांडीवर, त्याने बोलायचं. त्याचं होईस्तोवर बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाय, जागचं उठायचं नाय. त्याचं झालं की चेंडू शेजारच्याकडे. मग कमळाकर पंचांग वाचल्यासारखा सांगतो, पहिला सामना हरू, दुसरा बरोबरीत, तिसऱ्याला पंच आपल्यावर खार खाऊन असणार. कोणी म्हणतो पाचवे येऊ, कोणी म्हणतो पुढच्या फळीला लग्नाची घाई झालीय, त्यांच्याकडून काय व्हायचं नाय. चेंडू असा फिरत फिरत दाराशी येईपर्यंत दिवेलागण होते.

पण पहिला चेंडू आमच्या ह्यांच्या मांडीवर. ह्यांचं नाव काळुराम. मी नाव घेत नाय, तुमाला समजावं म्हणून एकदा घेतलं. गाव त्यांना तात्या म्हणतं. मिठागरावरच्या पोरांना गोळा करून संघ काढला तो ह्यांनी, म्हणून पहिलं भाकीत तात्यांचं. नि ते दरसाल एकच. छाती फुगवून, देवळाची कौलं हलतील अशा आवाजात सांगायचे, "यंदा चषक आपलाच!"

मी पडवीत चहा-भजीचा स्टो पेटवून बसलेली असते. तिथून मी ओरडायची, "व्हय, पेणला भांड्यांच्या दुकानात भरपूर मिळतात!" सगळे हसायचे, हे चिडायचे, नि घरी जाऊन रात्रीच्या जेवणापर्यंत आमची जुंपायची. मी म्हणायची, तुमचा पुढचा पोरगा चेंडू सोडून दुसऱ्याच्या नडगीवर लाथ मारतो, कसला डोंबलाचा चषक? मग हे मीठ-मिरचीचे डबे ओट्यावर मांडून मला फुटबॉल शिकवायचे. हळद मधल्या फळीत, जिरं पाठीमागे. मला त्या भांडणाची फार गोडी होती. दुसऱ्या कोणाशी भांडून ती मजा येत नाय, करून बघा.

गेल्या शिमग्याच्या आधी ह्यांना झटका आला. सकाळी दात घासता घासता मोरीतच खाली बसले. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला, नि बोलणं पार गेलं. पनवेलला नेताना वडखळच्या नाक्यावर ॲम्ब्युलन्स अडकली, तेव्हा मी खाली उतरून ट्रकवाल्यांना अशा शिव्या घातल्या की ड्रायव्हर म्हणाला, काकी, भोंगा बंद करतो, तुमीच पुरे. गाडीतून हे माझ्याकडे बघत होते. एरवी म्हणाले असते, तोंड आवर गो. नुसते बघत होते.

जीव वाचला. पायही हळूहळू आला, काठीवर परसात जातात. बोलण्यासाठी पेणला ऋतुजाताईकडे न्यायला लागले. बोलणं गेलेल्या माणसांना बोलायला शिकवते ती. वयाने पोरगीच हाय, पण धीर म्हाताऱ्या सुईणीचा. पहिल्या महिन्यात तिने मला सांगितलं, "काकी, तुम्ही आरती सुरू करा." मी दोन शब्द म्हटले नि काय सांगू, ह्यांनी ती आरती उचलली ती शेवटपर्यंत! एक अक्षर चुकलं नाय. शेवटी जयजयकारसुद्धा केला. मी ताईचे पाय धरायला निघाले.

ताईने मला खुर्चीत बसवलं. म्हणाली, "काकी, घाई करू नका. हे पाठ झालेलं बोलणं आहे. आरती, पाढे, शिव्या, रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेली वाक्यं. ती आपोआप बाहेर येतात, त्याला जुळवायला लागत नाही. आपल्याला दुसरं हवंय. तात्यांनी स्वतःच्या मनातलं, आजवर कधी न बोललेलं, एक वाक्य जुळवून बोललं पाहिजे. मग ते दोन शब्दांचं का असेना."

"नि नाय बोलले तर?"

ती खोटं बोलली नाय. म्हणाली, "पहिल्या सहा महिन्यांत आलं तर पुढचं सोपं जातं. नंतरही येतं, पण फार झगडायला लागतं."

बघा म्हणजे माणसाच्या डोक्यात काय काय भरून ठेवलेलं असतं! बे एके बे पासून तिसाच्या पाढ्यापर्यंत धडाधडा म्हणणारा माणूस, नि त्याला पाणी मागता येत नाय. पाणी पायजे तरी "आयला". पाठ दुखली तरी "आयला". एकदा माझा हात धरून रडले, तेव्हाही "आयला, आयला". मी पेला समोर धरायची नि सांगायची, म्हणा पाणी. पा-णी. डोळ्यांत सगळं कळलेलं दिसायचं, ओठ जुळायचे, नि बाहेर काय यायचं, तर बे दुणे चार. मी पदर तोंडात कोंबून चुलीपाशी जायची. मला पाढे नको होते हो. मला आरती पण नको होती. मला भांडायला माणूस पायजे होता.

त्यात हरेश गेला. हरेश म्हणजे आमचा गोली, गोलच्या दांड्यांमध्ये उभा राहणारा. बाकी संघ कसाही असो, वरच्या गटात आमी टिकलो ते त्याच्या दोन हातांवर. बैठकीत कायम ह्यांच्या डाव्या हाताला चिकटून बसायचा. त्याला जेठ महिन्यानंतर गुजरातेत कंपनीत नोकरी लागली नि तो बायकोपोरांसकट निघून गेला. मी सगळ्या गावाला ताकीद दिली, ह्यांच्या कानावर घालाल तर माझ्याशी गाठ हाय. आधीच अर्धा माणूस, त्यात ही बातमी कशाला? कोणी बोललं नाय.

नारळी पुनवेच्या सकाळी प्रविण दारात उभा. हा संघाचा कप्तान, नि लग्नसराईत बेंजो पार्टीत ढोल वाजवतो. म्हणाला, "काकी, दुपारी तात्यांना न्यायला खुर्ची घेऊन येतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कशाला? गावासमोर बे दुणे चार म्हणायला?"

"पहिलं भाकीत तात्यांचं असतं."

"अरे बाबा, त्यांना बोलता येत नाय! तुला दिसत नाय का?"

"मग आमी थांबू," तो म्हणाला. चप्पल घालून निघाला पण.

मी त्याच्या नावाने बोटं मोडली. मग ह्यांचा पांढरा सदरा पेटीतून काढला. सहा महिने भरायला आले होते. ताईकडे मंगळवारी गेलो की ती आता आधीसारखी हसत नव्हती, ते मी बघितलं होतं.

देऊळ ठेचून भरलेलं. चौघांनी ह्यांना खुर्चीसकट आत आणलं, देवीच्या समोर ठेवलं, नि प्रविणने चेंडू ह्यांच्या मांडीवर दिला. ह्यांनी डावा हात त्याच्यावर ठेवला. झालं. सगळे गप्प.

मी पडवीत होते. तेल तापलं होतं. मला वाटलं, पाच मिनिटं मान राखतील, मग कोणीतरी खाकरेल नि चेंडू उचलेल. पाच मिनिटं गेली. कढईतलं तेल धुरायला लागलं म्हणून मी स्टो बंद केला, नि तो बंद झाल्यावर कळलं की किती शांतता हाय. बाहेर पागोळीचं थेंब-थेंब पाणी पडत होतं, ते मोजता आलं असतं. ह्यांचे ओठ हलले. "य..." म्हणाले नि अडकले. परत "य..." मग "आयला."

एक माणूस हसला नाय.

किती वेळ गेला देव जाणे. कासूला गाडी आली, थांबली, गेली, तिचा आवाज खाडीपर्यंत विरत गेलेला ऐकला. कमळाकरच्या गालात तंबाखू होती. नियमाने उठता येत नाय, थुंकायला जाता येत नाय. त्याने डोळे मिटले नि ती गिळून टाकली! दात आवळून बसला होता बिचारा. ज्यांना सामन्यात दहा मिनिटं एका जागी उभं राहता येत नाय ती पोरं मांडी घालून बसली होती, पायाला मुंग्या आल्या असतील, पण हललं कोणी नाय. कोणाचा मोबाइल वाजला, त्याने तो मांडीखाली दाबून धरला. सगळ्यांची नजर त्या एका तोंडाकडे.

मी त्या देवळात लहानपणापासून हात जोडत आलेय. पण देऊळ भरलेलं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. हेच ते, रोज माझ्याकडे उधार चहा पिणारे नि कपात विडी विझवणारे! एका म्हाताऱ्याचा शब्द यायचाय म्हणून श्वास धरून बसले होते. माझ्या तोंडात त्यांच्यासाठी सकाळपासून जपून ठेवलेल्या शिव्या होत्या, त्या मी परत आत घेतल्या. हात आपोआप जोडले गेले, देवीला का ह्या लोकांना ते मला माहीत नाय.

ह्यांच्या कपाळावर घाम आला. मान पुढे झाली. "य... यंदा..." म्हणाले. आणि मग बांध फुटल्यासारखं एकदम आलं, तोच आवाज, तीच छाती. "यंदा चषक आपलाच!"

अरे, काय ओरडले सगळे! प्रविणने ढोल गळ्यात घातला. कोणीतरी चेंडू मांडीवरून उचलला नि वर उडवला, तो हातोहात नाचायला लागला. कमळाकर खांबाला टेकून लहान पोरासारखा रडत होता. पडवीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या धोंडुबाईने मला मिठी मारली, "बोलला गो मालू, तुझा माणूस बोलला!"

मी दगडासारखी उभी. सगळं गाव नाचतंय, नि ह्या पोरांना कसं सांगायचं? हे बोलणं नाय रे. हे पाठ झालेलं हाय. इतकी वर्षं ह्याच जागेवर हेच वाक्य म्हटलंय त्यांनी, ते गुळगुळीत झालंय, घरंगळत बाहेर आलंय. आरती आली तसंच. उद्या सकाळी मी पेला धरीन नि परत बे दुणे चार. एवढ्या माणसांनी एवढा जीव लावून बसायचं, नि देवाने पाढा द्यायचा? मला देवीचा पण राग आला.

नि मग मी ह्यांच्याकडे बघितलं.

हे नाचणाऱ्यांकडे बघतच नव्हते. ह्यांची मान डावीकडे वळली होती. डाव्या हाताला जिथे हरेश बसायचा तिथे दुसराच कोणी पोरगा उभा राहून टाळ्या पिटत होता. हे त्याच्या तोंडाकडे बघत होते, मग मागच्या रांगेकडे, मग दाराकडे. एकेक चेहरा बघत होते. भुवया जुळल्या होत्या. ओठ हलत होते, नि डावा हात मांडीवर चाचपडत होता. चेंडू शोधत होता.

ह्यांचं बोलून झालं नव्हतं!

मी धोंडुबाईला ढकललं नि पडवीतून आत उडी घेतली. त्या बैठकीत बाई आत गेलेली नाय कधी. गेले. उडणारा चेंडू हवेतच झेलला, प्रविणच्या ढोलावर थाडकन थाप मारली नि बोंबलले, "चेंडू कोणी उचलला? मेल्यांनो, त्यांचं झालं नाय अजून! खाली बसा!"

नि चेंडू परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

सगळे जिथल्या तिथे खाली बसले. ढोलाचा घुमारा तेवढा राहिला होता, तोही विरला. ह्यांनी डावा हात चेंडूवर ठेवला. मी पायाशीच बसले, मला उठून जायला वेळच नव्हता. जवळून बघितलं मी. गळ्याची शीर ताठ झालेली. जीभ वर जात होती, खाली येत होती, रस्ता शोधत होती. खोल विहिरीतून भरलेली घागर एकट्याने ओढावी तसं चाललं होतं.

"हरेश," हे म्हणाले.

सहा महिन्यांत ह्यांच्या तोंडून एक नाव आलं नव्हतं. माझंसुद्धा नाय. नि पहिलं आलं ते हरेशचं! दुसऱ्या वेळी मी ह्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा मला श्वास घ्यायचं सुचत नव्हतं.

"हरेश... नाय." थांबले. परत सगळ्यांवरून नजर फिरवली. "गोली... नाय."

कोणी सांगितलं नव्हतं हो त्यांना. मीच सगळ्यांची तोंडं शिवली होती. त्यांनी बघितलं, रिकामी जागा ओळखली, आतल्या आत हिशोब मांडला. तो त्यांचा स्वतःचा होता, नवा कोरा. हे प्रविणकडे वळले. हळूच मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.

"पडू," म्हणाले. "यंदा... आपण... खाली... पडू."

एवढी वर्षं ज्या माणसाने दरसाल चषक आणला, त्याने संघ खालच्या गटात टाकला होता. प्रविणचं तोंड उघडं. कमळाकर तर असा बघत होता जसं घरावरचं छप्पर उडालंय.

नि मी हसत होते का रडत होते मला माहीत नाय. मी मागे वळून ओरडले, "ऐकलंत का? पडू म्हणाले! आपण पडू म्हणाले! हे आधी कधी म्हणाले होते का? कधी तरी? सांगा ना रे!"

"नाय काकी," प्रविण म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला, मी काय विचारतेय ते त्याच्या डोक्यात शिरलं. त्याने टाळी वाजवली. मग शेजारच्याने. मग आख्ख्या देवळाने. आपला संघ पडणार म्हणून डोळे पुसत टाळ्या वाजवणारं गाव तुमी बघितलंय कुठं? मी बघितलं.

पण मला तेवढ्यावर राहवेना. दार किलकिलं झालं होतं, ते मला पुरतं ढकलायचं होतं. मी पदर खोचला, ह्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"पडू काय पडू? सणाच्या दिवशी चांगलं बोलवत नाय का? हरेश गेला तर गेला. दुसरा कोणी उभा राहील गोलमध्ये!"

हे माझ्याकडे बघत राहिले. चेंडू मांडीवर होता, म्हणून बाकी कोणी चकार शब्द काढला नाय. मला ह्यांची ती नजर माहीत होती. ओट्यावर डबे मांडताना तीच असायची. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. एका बाजूचा चेहरा वाकडाच होता, पण दुसरी बाजू हसायला लागली होती.

"कोण?" हे म्हणाले. नि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे बोट करून, "तू?"

सगळं देऊळ हसलं. हसता हसता मोठमोठे बाप्ये डोळे पुसत होते. पण भांडणात मी मागे हटणारी नाय.

"व्हय, मी!" मी म्हटलं. "एवढे दिवस मग कोण उभं होतं?"

ह्यांनी डावा हात चेंडूवरून उचलला नि माझा हात धरला. चेंडू घरंगळत गेला, नि कोणीही तो उचलला नाय.